न दिसणारा बदल

तिसगावहून नगरला जाताना करंजीचा घाट लागतो. भरलेली गाडी तेथे दमते. माझ्या भाच्याची मालवाहू गाडी याच वाटेने ये-जा करते. परवा त्याने विचारले, ‘‘मामा, इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम बदलला की ताकद वाढते म्हणे. गाडी माझी, हप्ते मी भरतो. यात चूक ती काय?’’

मला चटकन उत्तर देता आले नाही.

आजच्या गाडीत डिझेल किती व कोणत्या क्षणी फवारायचे, टर्बोचा दाब किती ठेवायचा, हे एक लहानशी इलेक्ट्रॉनिक पेटी ठरवते. तिच्यातील आकड्यांची कोष्टके बदलली की तेच इंजिन अधिक जोर लावते. यात मुळातच काही वावगे आहे, असे नव्हे. कारखानदारही एकच इंजिन निरनिराळ्या ताकदीचे करून विकतात. आपला शेतकरी तरी विकत आणलेले अवजार आपल्या जमिनीप्रमाणे ठाकूनठोकून घेतोच की!

मग अडते कोठे? ताकद वाढली, तरी ब्रेक, क्लच व गिअरपेटी जुनीच राहतात. चढताना मिळालेला जोर उतरताना उपयोगी पडत नाही. त्याच्या भरवशावर आणखी चार पोती मात्र चढतात. हवेच्या मानाने डिझेल जास्त झाले की ते अर्धवट जळते आणि काजळी वाढते. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाची मानके लागू झाली. त्यानंतरच्या डिझेल गाड्यांत ही काजळी अडवणारी गाळणी असते. ती तुंबते म्हणून काही जण तीच काढून टाकतात. नफा मालकाचा आणि धूर एसटीची वाट पाहणाऱ्या शाळकरी मुलांच्या वाट्याला! गाडी माझी हे खरे. पण हवा माझ्या एकट्याची कशी?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते. परंतु पेटीतील बदल डोळ्यांना दिसत नाही. पीयूसी चाचणीत डिझेल गाडीच्या धुराचा दाटपणा पाहतात. नायट्रोजनची ऑक्साइडे मोजत नाहीत. दाखला हाती आला म्हणजे मन निर्धास्त व्हावे, असे नाही.

२०१५ साली फोक्सवॅगन या जगप्रसिद्ध कंपनीची लबाडी उघडकीस आली. तिच्या डिझेल मोटारींतील प्रोग्रॅम चाचणी चालू असल्याचे ओळखून तेवढ्यापुरता सभ्यपणे वागे. रस्त्यावर मात्र विषारी वायू कित्येक पटींनी अधिक सोडी. जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत तो होता. तेथे बदल करणारे विद्वान अभियंते होते, येथे घाटाने गांजलेला एक तरुण आहे. दोघांना एका तागडीत तोलणे अन्यायाचे होईल. तरीही ‘कोणाला कळणार आहे?’ हा मोह दोन्हीकडे सारखाच.

सदसद्विवेकबुद्धीचे काम सुरू होते ते नेमके तेथेच, जेथे तपासनीसाची नजर पोहोचत नाही. म्हणून मी भाच्याला एवढेच विचारले, ‘‘उद्या गाडी विकशील, तेव्हा घेणाऱ्याला हा बदल सांगशील का? आरटीओच्या साहेबांना दाखवशील का?’’

तो गप्प राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, ‘‘मामा, मग घाटात दोन खेपा कराव्या लागतील.’’

दोन खेपांचे डिझेल त्याच्याच खिशातून जाणार, हे मला ठाऊक होते. प्रामाणिकपणा फुकट मिळतो, असे सांगून मी त्याला फसवू शकलो नाही.