उचल कोणी लिहायची?

मैंदर्गीचा एक कामगार सोलापूरच्या यंत्रमाग कारखान्यातले काम सोडतो आणि त्याची मागची मजुरी मालकाकडे अडकते, असे धरू. काम सुटल्यावर दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता करायला हवा, असे वेतन संहिता सांगते. तो होत नाही, म्हणून दावा. सुनावणीची तयारी करताना मात्र एक अडचण समोर येते. घरच्या लग्नासाठी त्याने मालकाकडून उचल घेतली होती. तिची ना वहीत नोंद, ना पावती. आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या या संहितेच्या कलम 59 प्रमाणे देणे दिल्याचे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे. मग अर्जात उचल लिहायची की गप्प बसायचे?

शंकाकार म्हणेल, ‘वही न ठेवणे हा मालकाचा गुन्हा. त्याचा तोटा त्यालाच होऊ दे.’ पण भार मालकावर टाकण्याचे कारण पाहा. हजेरी, दर, वाटप यांचे कागद त्याच्या हाती असतात आणि कामगाराला ते मिळत नाहीत. ही तरतूद त्या असमानतेवरचा उतारा आहे. कामगाराला स्वतःला पक्के ठाऊक असलेले दडवण्याची मुभा तीत नाही. शिवाय किती पाळ्या भरल्या, काय दर ठरला, हे सांगायला त्याच्याकडे मुख्यतः स्वतःचा शब्दच असतो. उलटतपासणीत उचल बाहेर आली, की खऱ्या पाळ्यांवरही संशय येतो.

‘हे झाले व्यवहारी शहाणपण,’ शंकाकार पुढे विचारेल, ‘उचल कधीच उघडी पडणार नसेल तर? वर्षानुवर्षे कमी दर देणाऱ्याकडून एवढे तरी वसूल का करू नये?’ हा आक्षेप जड आहे. किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात काम करून घेणे म्हणजे वेठबिगार, असे सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये एशियाड बांधकाम मजुरांच्या प्रकरणात ठरवले आहे. म्हणूनच तो फरक उघडपणे मागावा. दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे, आणि थकबाकीवर दहापटीपर्यंत भरपाईचा आदेश होऊ शकतो. लपवलेल्या उचलीतून गुपचूप वसुली केली, तर कमी दराचा अन्याय कोणत्याच कागदावर येत नाही, आणि त्याच मागावर उभ्या राहणाऱ्या पुढच्या कामगाराला तोच दर मिळतो.

उचल कबूल केली म्हणजे सगळी मजुरी तीत गेली, ही भीतीही अनाठायी आहे. एका वेतनकाळातली एकूण कपात निम्म्याहून जास्त करता येत नाही. प्रश्न उरतो भाषेचा. मैंदर्गीत अनेक घरांत कन्नड बोलतात आणि अर्ज मराठीत होतो. तेव्हा सही-अंगठ्याआधी तो कन्नडमधून वाचून घ्यावा. उचल स्वतः लिहावी, मजुरी पुरी मागावी, आणि कमी दराचा फरक वेगळ्या ओळीत मांडावा.