पेरणी एकाची, वेचणी दुसऱ्याची

आमच्या यवतमाळ जिल्ह्यांतील काळ्या जमिनींत कापूस पेरला जातो तो मृगाच्या पावसावर, आणि पहिला वेचा घरीं येतो तो दसरा-दिवाळीच्या सुमारास. मध्यंतरीं शेत विकलें गेलें आणि नव्या मालकानें वेचणी केली, तर कापूस त्याचा हें गांव मान्य करील. परंतु पीक त्यानें काढलें असें कोणी म्हणणार नाहीं. गांवकऱ्यांना सहज समजणारी ही गोष्ट आम्हां सुशिक्षितांच्या ध्यानांत किती उशिरां येते, याचा प्रत्यय मला यंदां आला.

मी ज्या महाविद्यालयांत शिकवितों तेथील फुटबॉलच्या संघाला तीन वर्षें एकच शिक्षक होते. बहुतेक मुलें खेड्यांतून आलेलीं. शिक्षकांनीं त्यांना चेंडू ताब्यांत ठेवणें, तो सोबत्याकडे देणें आणि पंचाशीं वाद न घालणें एवढेंच घोटून शिकविलें. संघ हरत राहिला. तिसऱ्या वर्षाअखेर क्रीडासमितीनें त्यांचें काम काढून घेतलें. त्या ठरावावर माझी सही आहे. यंदां नवे शिक्षक आले. ते तरुण आणि आपल्या विषयांत निष्णात आहेत. त्यांनीं मुलांच्या जागा बदलल्या, चढाईला धार आणली, आणि संघ आंतरमहाविद्यालयीन सामन्यांच्या अंतिम फेरीपर्यंत पोंचला. सत्कार झाला, भाषणें झालीं. सभा संपल्यावर संघनायक मजजवळ येऊन हळूच म्हणाला, "सर, जुन्या सरांनाही बोलवायला हवं होतं." मला उत्तर सुचलें नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, खरा शिक्षक फळाची अपेक्षाच करीत नाहीं. गीतेचा उपदेशही तोच. मग श्रेयाचा हिशेब कशाला? या युक्तिवादांत एक सोयीची चोरी आहे. फलत्याग हा करणाऱ्याचा धर्म होय, पाहणाऱ्याचा नव्हे. करणाऱ्यानें श्रेय सोडावें यांत त्याचें मोठेपण. पण म्हणून त्यानें सोडलेलें श्रेय आपण खुशाल दुसऱ्याच्या पदरांत टाकावें, असें होत नाहीं. ऋण माफ करण्याचा अधिकार धनकोचा असतो, ऋणकोचा नव्हे.

शिक्षकाला परिणामावरून पारखूंच नये, असें मात्र माझें म्हणणें नाहीं. तसें मानल्यास आळशाला आयतें कवच मिळेल. प्रश्न आहे तो परिणाम केव्हां पाहावयाचा, हा. १९६२ सालीं जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेंत दक्षिण कोरियानें पहिल्याच सामन्यांत भारताला दोन गोलांनीं हरविलें. आमची समिती तेथें असती तर त्याच रात्रीं ठराव झाला असता! पुढें त्याच संघानें अंतिम सामन्यांत त्याच कोरियाला २-१ असें नमवून सुवर्णपदक जिंकलें. संघाचे मार्गदर्शक सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे, मूळचे शाळाशिक्षक. त्या वेळीं कर्करोगानें त्यांना ग्रासलें होतें. १९६३ सालीं ते निवर्तले. आशियाई स्पर्धेंतील फुटबॉलचें सुवर्ण त्यानंतर भारताला मिळालेलें नाहीं. तरीही आपल्यापैकीं पुष्कळांच्या कानीं त्यांचें नांव गेलें तें २०२४ सालीं 'मैदान' हा चित्रपट आल्यावरच. आपल्या विदर्भांत, नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयाचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनीं झोपडपट्टींतील मुलांना फुटबॉलच्या मैदानावर आणलें. त्या कामाचें मोल एका मोसमाच्या चषकावरून कोण ठरवील?

नव्या शिक्षकांचें श्रेय यानें तिळभरही उणें होत नाहीं. वेचणीलाही कसब लागतें. उशीर झाला तर बोंडांतला कापूस पावसानें खराब होतो. पण वेचणाऱ्याचा सत्कार करतांना पेरणाऱ्याचें नांव घेण्यास किती वेळ लागला असता?

गेल्या आठवड्यांत मी जुन्या शिक्षकांच्या घरीं गेलों. सहीबद्दल बोलावें असा विचार होता. त्यांनीं तो विषय निघूंच दिला नाहीं. चहा पुढें करीत त्यांनीं एका मुलाचें नांव घेऊन विचारलें, "तो आता डाव्या पायानं मारतो का हो?"

"मारतो," मीं सांगितलें.

त्यांचें समाधान झालें. त्यांनीं ऋण माफ केलें. माझ्या वहींत तें तसेंच उभें आहे.