कड

जुने सेइको घड्याळ उलटे करून मागच्या झाकणावरचा सीरियल नंबर वाचावा. पहिला आकडा सालाचा, दुसरा महिन्याचा; नोव्हेंबरला एन, डिसेंबरला डी. सालाला एकच आकडा, त्यामुळे १ म्हणजे १९७१ की १९८१, हे मॉडेल ओळखणाऱ्यालाच कळते. ही घड्याळे वय सांगतात, पण ओळख वाढवल्यावर.

सेइकोचे संस्थापक किंतारो हत्तोरींनी १८८१ मध्ये टोकियोत दुकान काढले. पुढे याच घराच्या सुवा आणि दाइनी या दोन कारखान्यांत चुरस लागली. सुवाचे ग्रँड सेइको १९६० चे; दाइनीचे किंग सेइको पुढच्याच वर्षीचे. घरातली ही ईर्षा शौकिनांच्या पथ्यावर पडली.

दाइनीचे १९६७ चे ४४जीएस भिंगाखाली धरा. डिझायनर तारो तनाकांनी आखलेले नियम त्यात दिसतात: सपाट, आरशासारखे पृष्ठभाग, आणि दोन पृष्ठभाग मिळतात तिथे करकरीत कड. ही कड म्हणजेच ते घड्याळ. पॉलिशच्या चाकावर ती एका बैठकीत गोल होते. ओरखडा जातो तो धातू घेऊनच जातो. चकाकी वाढते, घड्याळ कमी होते.

मशीनचा न्याय वेगळा. तिथले तेल सुकते, चिकट होते, आणि तरीही घड्याळ चालवत राहिले तर चाकांचे दांडे झिजतात. ते पूर्ण उघडावे, धुवावे, नवे तेल द्यावे. पोटाला हात लावायला कचरू नये. चेहऱ्याला लावण्याआधी दहादा विचार करावा.

जुन्या सेइको ५ च्या तबकड्या नव्याने रंगवून विकण्याबद्दल मुंबईचे नाव जगभरच्या शौकिनांत झाले आहे. भडक रंग, जाड अक्षरे, कारखान्यातून कधीच न निघालेल्या जोड्या. रंगवणाऱ्या कारागिराला नावे ठेवणे मला पटत नाही. भंगारात जाणारे यंत्र त्याने कुणाच्या तरी मनगटावर चालते केले. लबाडी सुरू होते ती ‘ओरिजिनल’ या एका शब्दापाशी.

उन्हाने तपकिरी झालेली तबकडी खराब नसते. तिच्यावर ऊन पडलेले असते, इतकेच.

१९६९ साली सेइकोने ६१३९ हा स्वयंचलित क्रोनोग्राफ बाजारात आणला. अंतराळवीर विल्यम पोग १९७३ मध्ये तो स्कायलॅब या अंतराळस्थानकावर घेऊन गेले. पण त्याच १९६९ च्या २५ डिसेंबरला सेइकोनेच अ‍ॅस्ट्रॉन हे क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला काढले. चाके-स्प्रिंगांची सद्दी तिथून उतरणीला लागली. कारखान्याला पुढे जावेच लागते. मागे राहिलेल्याकडे पाहायला शौकीन हवा.

जुन्या सेइको ५ मधल्या बऱ्याच मशीनना हाताने चावी देता येत नाही. तळहातावर घेऊन हलके हलवायचे. सेकंदकाटा थरथरतो, आणि निघतो. वर्षानुवर्षे कपाटात पडलेल्या वस्तूचे हे निघणे पाहताना मला आजही भरून येते.

एक घड्याळ उभे करायला दुसरे मोडावे लागते. जुन्या मशीनचे बरेचसे सुटे भाग आता बनत नाहीत. ते दुसऱ्या घड्याळाच्या पोटातूनच येतात. म्हणून दुरुस्त केलेल्या घड्याळाच्या डबीत चिठ्ठी ठेवावी: बॅलन्स कुठल्या घड्याळातला, काटे कुठले, काच कधी बदलली. पुढचा मालक कधीतरी झाकण उघडेल, तेव्हा त्याला हे सगळे लागणार आहे.