खंडणीचा धर्म

चाचा पैसा मागतो, दहशतवादी भय पेरतो, असा भेद आपण मनाशी करून ठेवला आहे. १९८२ च्या सागरी करारानेही चाचेगिरीला ‘खाजगी हेतू’ची अट घातली आहे. म्हणूनच चाच्याला खंडणी देताना मन फारसे कचरत नाही. विमेवाले हिशेब मांडतात, जहाज सुटते.

पण ‘अस्फाल्ट व्हेंचर’चे काय झाले? सप्टेंबर २०१० मध्ये सोमाली चाच्यांनी हे जहाज पळवले. वर १५ भारतीय खलाशी होते. एप्रिल २०११ मध्ये खंडणी पोचली, परंतु सुटले आठच. उरलेल्या सातांसाठी नवी मागणी आली: भारतीय नौदलाने पकडलेले आमचे साथी सोडा! पैशाचा लोभी एका दिवसात राज्याशी सौदा करू लागला. त्या सातांची सुटका ऑक्टोबर २०१४ मध्ये झाली. तोवर त्यांच्या घरच्या पाच दिवाळ्या अंधारात गेल्या.

मग खंडणी देणे पाप होते काय? आठ जण घरी आले, ते त्या पैशानेच. पण अशाच पैशातून पुढची होडी आणि पुढची बंदूक येते, हेही खरे. आपल्या दयेची किंमत दुसराच कुणी खलाशी मोजतो.

तरीही ज्याचा मुलगा ओलीस आहे, त्याला तत्त्व शिकवणे निर्दयपणाचे. तत्त्व पाळायचे ते आपण, ज्यांची माणसे आज फराळाला घरी आहेत त्यांनी. आणि तेही समुद्रावर पहारा ठेवून, माणूस पकडला जाण्यापूर्वी.