भाव भरडाईवर ठरतो

बालाघाट जिल्ह्यातील लामता हे गाव दोन शेतीपद्धतींच्या शिवेवर वसलेले आहे. दक्षिणेकडे वैनगंगेचे खोरे उतरत जाते आणि त्यात इंग्रजी अमदानीतील ढुटी बंधाऱ्याच्या कालव्यांवर पोसलेली भातशेती पसरलेली आहे. पूर्वेकडे परसवाडा आणि बैहरच्या पठाराकडे चढत जाणारा जंगली मुलूख सुरू होतो, जिथल्या हलक्या, मुरमाड जमिनीत गोंड आणि बैगा शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या कोदो आणि कुटकी पेरत आले आहेत. मराठी वाचकाला हा प्रदेश परका वाटू नये. १८६७ मध्ये बालाघाट जिल्हा आकाराला आला तो मंडला, शिवनी आणि भंडारा या जिल्ह्यांचे तुकडे जोडून, आणि १९५६ पर्यंत त्याचा कारभार नागपूरहूनच चालत होता. खोऱ्यातल्या भाताला गिरण्या, व्यापारी आणि सरकारी खरेदी हे सारे लाभले, शिवाय इथल्या ‘चिन्नोर’ या सुवासिक तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. डोंगरावरच्या धान्याला मात्र परवापरवापर्यंत नाव घेण्याजोगा बाजारच नव्हता, आणि आता तो शहरात एकाएकी उभा राहिला असताना त्याचा पैसा नेमका कोणत्या टप्प्यावर अडतो, हा प्रश्न लामत्यासारख्या सीमेवरच्या गावातून अधिक स्पष्ट दिसतो.

‘मिलेट’ ही संज्ञा एका पिकाची नाही. पावसाच्या पाण्यावर येणाऱ्या, बारीक दाण्याच्या अनेक भरडधान्यांना ती मिळून लावली जाते. ज्वारी, बाजरी आणि नाचणी ही त्यांतली मोठी मंडळी. कोदो, कुटकी, राळा, सावा यांची गणना लघु भरडधान्यांत होते. कोदो म्हणजे महाराष्ट्रातला कोद्रा, कोकणातला हरीक. कुटकी म्हणजे सह्याद्रीच्या उतारावरची वरई. भारतात सर्व भरडधान्ये मिळून वर्षाला सुमारे १७० लाख टन पिकतात, पण त्यांत लघु धान्यांचा वाटा चार लाख टनांच्या आसपास, म्हणजे शेकडा दोन-तीन इतकाच असतो. आरोग्याच्या नावाने चालणाऱ्या जाहिरातींत ज्या धान्यांचे गोडवे सर्वाधिक गायले जातात ती याच मूठभर पिकातली असतात, ही विसंगती ध्यानात घेतल्याशिवाय या बाजाराच्या वाढीचे आकडे वाचण्यात अर्थ नाही.

बाजार वाढला तो राजाश्रयाने, हे आधी मान्य केले पाहिजे. केंद्र सरकारने २०१८ मध्ये या धान्यांना ‘पोषक धान्ये’ असा दर्जा दिला; भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मार्च २०२१ मध्ये ठराव करून २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष ठरवले; त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात ‘श्री अन्न’ हे नाव आले. भरडधान्यांपासून खाद्यपदार्थ बनवणाऱ्या उद्योगांसाठी आठशे कोटी रुपयांची उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना आखली गेली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने किमान सत्तर टक्के भरडधान्य असलेल्या पिठाच्या मिश्रणांवरचा कर वेष्टनबंद मालासाठी अठरा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आणला, तर सुट्या विक्रीसाठी तो पूर्ण माफ केला. मधुमेहाने धास्तावलेला मध्यमवर्ग गिऱ्हाईक म्हणून तयारच होता. नागपूर-पुण्याच्या दुकानांत बिस्किटे, शेवया, डोशाचे पीठ, न्याहारीचे पोहे यांच्या पाकिटांवर ही नावे झळकू लागली. त्यांतल्या कित्येक पाकिटांत धान्याचा अंश किती आणि मैद्याचा किती, हे मागच्या बाजूच्या बारीक अक्षरांतच कळते. १९६० च्या दशकाच्या आरंभी दरडोई वर्षाला तीस किलोंहून अधिक असलेला भरडधान्यांचा आहार पुढच्या पन्नास वर्षांत चारेक किलोंवर घसरला होता, आणि ही घसरण पाकिटांतून भरून निघेल असे मानणे भाबडेपणाचे आहे.

या नव्या बाजाराआधी एक जुना बाजार होता आणि तो मराठी स्वयंपाकघरात होता. एकादशी, महाशिवरात्र, नवरात्र या दिवसांत भगर शिजते. तिला कोणी वरीचे तांदूळ म्हणते, आणि ती वरई वा सावा यांसारख्या लघु भरडधान्यांचीच असते. धान्य म्हणून जे चालत नाही ते उपवासाला चालते, या सोयीस्कर शास्त्रार्थामुळे महाराष्ट्रातल्या शहरांनी कुटकीचा वापर कधी पूर्णपणे सोडला नाही. या मागणीवर नाशिकमध्ये भगरीच्या गिरण्यांचा मोठा धंदा उभा राहिला. इगतपुरी, पेठ, सुरगाणा इथली वरई त्यांना पुरेनाशी झाली, तेव्हा मध्य भारतातली कुटकी व्यापाऱ्यांमार्फत तिकडे जाऊ लागली. आठवडी बाजारात गावचा व्यापारी मापाने कुटकी घेतो, ती पुढे मोठ्या आडत्याकडे आणि तिथून शेकडो किलोमीटर दूरच्या गिरणीत जाते. भगर होऊन ती परत येते तेव्हा तिचा भाव कैक पटींनी वाढलेला असतो. हा प्रवास वाहतुकीच्या सोयीने ठरलेला नाही, तो भरडाईने ठरलेला आहे, आणि या विषयाचे मर्म तिथेच आहे.

भरडाई म्हणजे दाण्यावरचे टरफल काढणे. ज्वारी, बाजरी, नाचणी यांना ही अडचण नाही, कारण मळणीत दाणा मोकळा होतो आणि थेट दळता येतो. कोदो-कुटकीचा दाणा मात्र भाताप्रमाणे टरफलात बंद असतो. भाताच्या हजार दाण्यांचे वजन वीस ग्रॅमांच्या पुढे जाते, कुटकीचे दोन-अडीच ग्रॅमांतच आटोपते. भाताच्या गिरणीतले रबरी रोलर इतका बारीक दाणा नीट पकडू शकत नाहीत, म्हणून भात गिरण्यांनी गजबजलेल्या बालाघाट-गोंदियाच्या पट्ट्यातही कोदो भरडून मिळणे दुरापास्त असते. कोदोचे टरफल तर थरांवर थर असलेले आणि चिवट. घरोघरी हे काम बायका करत आल्या: मातीच्या जात्यावर भरडायचे, उखळात कांडायचे, सुपाने पाखडायचे, आणि खडे व अर्धवट भरडलेले दाणे निवडून पुन्हा तेच. या श्रमाला किंमत नव्हती, म्हणून हिशेबात तो कधी आलाच नाही, आणि ताटातला कोदो कमी झाला त्यामागे या बायकांची दमणूक किती होती, हे पोषणशास्त्राच्या पुस्तकांत सहसा लिहिलेले नसते.

टरफलासकट कोदो वर्षानुवर्षे टिकतो. कोठीतला जुना कोदो हा दुष्काळातला विमा होता. तोच भरडला की काही महिन्यांचा आणि दळला की काही आठवड्यांचा पाहुणा होतो, कारण कोंड्यातले आणि अंकुरातले तेल हवेला लागून खवट होते. दुकानाच्या फळीवर पाकीट टिकवायचे तर गिरणीला कोंडा घासून काढावा लागतो, दाणा पांढरा करावा लागतो. पण ज्या तंतूंसाठी शहरातला ग्राहक हे धान्य घेतो ते मुख्यतः कोंड्यातच असतात. दूरच्या बाजाराची गरज आणि ग्राहकाच्या प्रकृतीची गरज इथे परस्परांना काटतात, आणि यावर ताजी भरडाई आणि जवळची विक्री याखेरीज तोडगा दिसत नाही.

सरकारी भावाची कथा याहून विचित्र आहे. केंद्र सरकारने २०२५-२६ साठी जाहीर केलेल्या आधारभूत किमतींत नाचणीला क्विंटलमागे ४८८६ रुपये, संकरित ज्वारीला ३६९९, बाजरीला २७७५ आणि साधारण भाताला २३६९ रुपये आहेत. कोदो आणि कुटकी या यादीतच नाहीत. शेजारच्या छत्तीसगडने २०२१-२२ पासून स्वतःच्या बळावर कोदोची ३००० रुपयांनी खरेदी सुरू केली. मध्य प्रदेशाने जानेवारी २०२४ मध्ये जबलपूरच्या मंत्रिमंडळ बैठकीत राणी दुर्गावतीच्या नावाची प्रोत्साहन योजना मंजूर केली, आणि २०२५ च्या खरिपासाठी शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या महासंघामार्फत कोदो २५०० व कुटकी ३५०० रुपये क्विंटलने घेण्याचे ठरवले, वर क्विंटलमागे हजार रुपयांचे प्रोत्साहन. हे पाऊल स्वागतार्ह आहे. तरीही प्रोत्साहन धरून कोदोला मिळणारा भाव नाचणीच्या भावाहून जवळजवळ चौदाशे रुपयांनी कमी पडतो, आणि कोदोचे एकरी उत्पन्न भाताच्या तुलनेत फारच थोडे असल्याने खोऱ्यालगतचा शेतकरी पाणी मिळताच बांध घालून भाताकडे वळतो, यात नवल नाही.

खाणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर भरडधान्य वर्ष आणि रेशनचा तांदूळ पूर्ण मोफत होण्याचा आरंभ ही दोन्ही एकाच तारखेची आहेत: १ जानेवारी २०२३. मोफत तांदूळ गरिबाच्या घरात येणे वाईट, असे म्हणण्याचा अधिकार पोट भरलेल्याला नाही. पण तयार तांदूळ दारात आल्यावर कोदो कांडत बसण्याचे कारण उरत नाही, हेही तितकेच खरे. या बदलाची मुळे जुनी आहेत. बैगांची ‘बेवर’ शेती, म्हणजे झाडोरा तोडून, जाळून, राखेत मिश्र बियाणे टाकण्याची पद्धत, वनखात्याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बंद करत आणली आणि १८९० मध्ये तिला ‘बैगा चक’ या आज दिंडोरी जिल्ह्यात असलेल्या टापूपुरते कोंडले. व्हेरिअर एल्विन यांनी १९३९ च्या ‘द बैगा’ या ग्रंथात तिची नोंद केली. त्या शेतीबरोबर बियाण्यांचे वाणही विरळ झाले. दिंडोरीच्या सिलपिडी गावातील लहरीबाई या बैगा स्त्रीने स्वतःच्या घरात दीडशेच्या आसपास वाण जपले, त्याची दखल २०२३ मध्ये पंतप्रधानांनीही घेतली. सरकारी संस्थांनी करायचे काम एका स्त्रीने मातीच्या कोठ्यांत केले, तेव्हा कौतुकासोबत थोडी लाजही वाटायला हवी होती.

बाजार वाढवताना एक धोका लपवून चालणार नाही. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस उमरिया जिल्ह्यातील बांधवगड व्याघ्र प्रकल्पात काही दिवसांत दहा हत्ती मेले. बरेलीच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेच्या तपासणीत त्यांच्या शरीरात सायक्लोपियाझोनिक आम्ल, म्हणजे बुरशीतून तयार होणारे विष, आढळले, आणि ते बुरशी लागलेल्या कोदोतून गेल्याचा निष्कर्ष निघाला. कणसे भरताना वा कापणीच्या वेळी पाऊस झाला तर कोदो ‘मातवतो’, खाणाऱ्याला चक्कर, उलट्या आणि गुंगी येते, हे मध्य भारतातल्या शेतकऱ्याला फार पूर्वीपासून ठाऊक आहे, आणि नवा कोदो लगेच न खाण्याची रीत त्यातूनच आली. महाराष्ट्रातही उपवासाच्या दिवशी भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या येतात आणि अन्न व औषध प्रशासन जुने, सुटे पीठ टाळण्याच्या सूचना काढते. उपाय अवघड नाहीत: खळ्यावर नीट वाळवण, ओलावा मोजण्याचे साधन, कोरडी साठवण, खरेदीच्या जागी तपासणी. पण ते धान्य निघते तिथे झाले पाहिजेत. पाकिटावर छापलेल्या आश्वासनाने बुरशी मरत नाही.

परदेशातला एक दाखला बोलका आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०१३ हे किन्वा या अँडीज पर्वतातील धान्याचे वर्ष म्हणून साजरे केले. भाव चढले, ते पाहून पेरूच्या किनारी सपाटीवर मोठी लागवड झाली, आणि दोन-तीन वर्षांतच भाव निम्म्याहून खाली कोसळले तेव्हा झळ बसली ती बोलिव्हियाच्या पठारावरच्या मूळ शेतकऱ्याला. दूरच्या ग्राहकाची हौस फिरली की असेच होते.

ओडिशाने २०१७ पासून वेगळी वाट धरली. नाचणीची सरकारी खरेदी, तीच नाचणी रेशनमध्ये आणि अंगणवाडीत, आणि बचत गटांच्या हाती यंत्रे, असा घेर तिथे आखला गेला. त्यामुळे पिकवणारा आणि पहिला खाणारा एकाच प्रदेशातले राहिले. दिंडोरीच्या मेहंदवानी भागात ‘तेजस्विनी’ कार्यक्रमातील महिला संघांनी कोदोवर प्रक्रिया करून तो विकण्याचा प्रयोग त्याआधीच केला होता, म्हणजे हे मध्य प्रदेशालाही अशक्य नाही. कोदोची पेज ज्या घरांत अजून शिजते त्याच घरांतली मुले बैहर, परसवाडा आणि लामता परिसरातल्या आदिवासी वसतिगृहांत आणि आश्रमशाळांत राहतात. राज्य सरकारने खरेदी केलेल्या कोदो-कुटकीचा पहिला हिस्सा या मुलांच्या ताटासाठी राखावा, आठवड्यातून दोन जेवणे त्याची द्यावीत, आणि भरडाईची यंत्रे पुढच्या हंगामाआधी याच गावांत महिला गटांच्या ताब्यात द्यावीत.