छपरावर पडलेले सारेच आपले असते का?

नीतीचे बहुतेक नियम माणूस हाताला लागणाऱ्या वस्तूंवरून शिकला. शेजाऱ्याच्या वाडीतला नारळ, मापात मारलेले धान्य, उसने घेऊन परत न केलेले पैसे. या साऱ्यांत एकाच्या हातून काहीतरी गेले आणि दुसऱ्याच्या हाती आले, हे डोळ्यांना दिसते. ‘चोरी करू नको’ ही सातवी आज्ञा बालपणी पाठ करताना आपल्या मनासमोर असेच एखादे चित्र उभे राहते. परंतु गेल्या काही दशकांत आपल्या घरात अशा गोष्टी आल्या आहेत की, त्या एकाने घेतल्या तरी दुसऱ्याच्या पदरचे काही कमी होत नाही. उपग्रहावरून येणाऱ्या दूरचित्रवाणीच्या वाहिन्या ही त्यांपैकी आपल्या अगदी परिचयाची गोष्ट. योग्य तबकडी, योग्य पेटी आणि ती तबकडी नेमक्या दिशेला बसवणारा जाणकार हात एवढे लाभले की जगभरचे कार्यक्रम बैठकीच्या खोलीत येतात. मग कुलूप लावलेली एखादी वाहिनी कोणी पैसे न भरता, युक्तीने उघडून पाहिली, तर त्यात कोणाचे काय गेले?

प्रश्न किरकोळ वाटेल. परंतु ज्या कृत्यात कोणाचेच नुकसान दिसत नाही, ते अयोग्य का असावे, याचे उत्तर आपल्याला देता आले नाही, तर उद्या आपली मुले तोच प्रश्न याहून मोठ्या बाबतीत विचारतील आणि आपण निरुत्तर होऊ. म्हणून त्याचा शांतपणे विचार केला पाहिजे.

प्रथम ही व्यवस्था कशी चालते ते पाहू. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर ठेवलेला उपग्रह पृथ्वीच्या गतीनेच फिरतो, म्हणून जमिनीवरून तो एकाच जागी टांगल्यासारखा भासतो. अशा उपग्रहांच्या साहाय्याने जगभर प्रसारण करता येईल, ही कल्पना आर्थर सी. क्लार्क यांनी १९४५ साली एका लेखात मांडली होती. गच्चीवरची तबकडी एकदा बसवून आवळली की पुन्हा हलवावी लागत नाही, त्याचे कारण हेच. उपग्रहावरील एकेका प्रक्षेपकाची शक्ती घरातल्या एकदोन बल्बांइतकी असते आणि तीही देशभर पसरते. त्यामुळे एका छपराच्या वाट्याला येणारा अंश अत्यंत क्षीण असतो. तबकडी तो गोळा करून समोरच्या दांड्यावरील एलएनबीकडे वळवते, एलएनबी त्याला बळ देऊन घरातल्या पेटीकडे धाडते आणि पेटी त्यातून चित्र व ध्वनी उलगडते. जी वाहिनी पैसे भरून पाहायची, ती सांकेतिक रूपात येते. ते रूप उकलण्याची किल्ली वर्गणीदाराच्या कार्डात किंवा पेटीत असते.

यातली एक गोष्ट नीतीच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. लहरी सर्वांच्या छपरावर सारख्याच पडतात. पैसे भरणाऱ्याच्या बंगल्यावर पडतात, न भरणाऱ्याच्या चाळीवर पडतात आणि जिथे तबकडीच नाही त्या झोपडीवरही पडतात. प्रसारण करणाऱ्याला एखादे छप्पर वगळता येत नाही. तो लहरी अडवू शकत नाही, फक्त कुलूपबंद करू शकतो.

आपल्या देशात या कुलपाचा इतिहास फार जुना नाही. १९७५-७६ मध्ये अमेरिकेकडून वर्षभरासाठी मिळालेल्या उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांना शेती, आरोग्य व शिक्षणाचे कार्यक्रम दाखवण्यात आले. तेव्हाच्या तबकड्या कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या, सुमारे दहा फूट व्यासाच्या होत्या. तिथे कुलपाचा प्रश्नच नव्हता. पाहणाऱ्याने पाहावे, एवढाच हेतू होता. १९९१ साली हाँगकाँगहून स्टार टीव्हीच्या वाहिन्या सुरू झाल्या आणि १९९२ च्या ऑक्टोबरात झी आली, तेव्हाही प्रारंभी प्रसारण खुलेच होते. शहरोशहरी धडपड्या तरुणांनी गच्चीवर मोठी तबकडी उभारली, इमारतीवरून इमारतीवर तारा टाकल्या आणि महिन्याकाठी घरोघर पैसे गोळा करण्यास आरंभ केला. यासंबंधीचा कायदा १९९५ साली झाला. म्हणजे वस्तू आधी आली, नियम मागून आला. पुढे वाहिन्यांनी कुलपे लावली, तबकड्या लहान झाल्या आणि २००४ च्या डिसेंबरात दूरदर्शनने मासिक वर्गणी न घेणारी तबकडी-सेवा सुरू केली. तीच पुढे ‘फ्री डिश’ या नावाने ओळखली जाऊ लागली.

आता कुलूप युक्तीने उघडणाऱ्याची बाजू प्रामाणिकपणे ऐकून घेऊ. तो तीन मुद्दे मांडतो. पहिला असा की, मी पाहिल्याने कोणाचे काही कमी होत नाही. मी पाहो अगर न पाहो, उपग्रहाचा खर्च तेवढाच राहतो. दुसरा असा की, मी कोणाच्या घरात शिरलो नाही. लहरीच माझ्या घरावर, माझी परवानगी न घेता, येऊन पडतात. पावसाचे पाणी पडते ते मी पिंपात भरले, तर त्याचे बिल कोण धाडतो? तिसरा मुद्दा असा की, आकाश कोणा कंपनीच्या मालकीचे नाही. १९९५ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानेच, क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या खटल्यात, रेडिओलहरींचा हा मार्ग सार्वजनिक मालमत्ता आहे असा निर्वाळा दिला. मग त्याच मार्गाने आलेल्या गोष्टीला कुलूप घालण्याचा अधिकार धनाढ्यांना कोणी दिला?

हे मुद्दे थट्टेवारी नेण्यासारखे नाहीत. पहिल्यापासून पाहू.

चर्चगेट ते विरार धावणारी लोकल मी चढलो नाही तरी धावतेच. दुपारच्या वेळी डब्यात बाकेही मोकळी असतात. मी बिनतिकिटाने बसलो म्हणून रेल्वेचा वीजखर्च वाढला असे दाखवता यायचे नाही. तरीही बिनतिकिटाचा प्रवास योग्य आहे असे आपण म्हणत नाही. का? कारण ती गाडी धावते ती तिकीट काढणाऱ्यांच्या जिवावर. न काढणारा रेल्वेच्या तिजोरीतून काही उचलत नाही, हे खरे. परंतु जो भार सर्वांनी मिळून उचलायचा, त्यातला आपला वाटा तो गुपचूप शेजाऱ्याच्या खांद्यावर सरकवतो. शिवाय तो असा नियम स्वतःपुरता करतो, जो सर्वांनी केला तर गाडीच थांबेल. वाहिन्यांचेही तसेच आहे. पडद्यावर दिसणाऱ्या नटाखेरीज त्यामागे छायाचित्रकार, संकलक, रंगभूषाकार, दिवे उचलणारा मजूर असे कितीतरी हात असतात. मराठीसारख्या भाषेत, जिथे प्रेक्षकवर्ग मुळातच मर्यादित, तिथे ही गळती आधी त्यांच्याच मजुरीला भिडते.

दुसरा मुद्दा छपराचा. ‘माझ्या घरावर पडले ते माझे’ हे तत्त्व मान्य केले, तर ते कुठवर नेणार? टपालवाल्याने चुकून शेजाऱ्याचे पत्र आपल्या पेटीत टाकले, तर ते आपल्या घरात आलेले असते, परंतु उघडण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही. याहून जवळचे उदाहरण मोबाइल फोनचे आहे. शेजारीण आपल्या परदेशी असलेल्या मुलाशी बोलते, तेव्हा त्या संभाषणाच्या लहरी आपल्याही भिंतीतून आरपार जातात. एखाद्या यंत्राने त्या उकलून ऐकणे शक्य झाले, तर ‘माझ्या घरात आल्या होत्या’ हे समर्थन आपण स्वीकारू का? कदापि नाही. म्हणजे लहर कुठे पडली यावरून हक्क ठरत नाही. पाठवणाऱ्याने ती कोणासाठी आणि कोणत्या अटीवर पाठवली, यावरून तो ठरतो. पावसाच्या पाण्याचा दाखला इथेच लटका पडतो, कारण पावसाला कोणी कुलूप लावून धाडलेले नसते. कुलूप हे नुसते यंत्र नव्हे. ते पाठवणाऱ्याचे सरळ शब्दांतले म्हणणे आहे: ‘हे या अटीवर घ्या, अन्यथा घेऊ नका.’ युक्तीने ते उघडणारा ते म्हणणे ऐकतो आणि न ऐकल्यासारखे करतो. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने, हक्कभंगाच्या हेतूने असे तांत्रिक कुलूप तोडणे हा दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा ठरवला. पण शिक्षा नसती तरी विवेकाला हे कळण्यासारखे आहे.

तिसऱ्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे. मार्ग सार्वजनिक आहे, म्हणून सरकारने किंवा धनिकांनी तो बळकावू नये, विविध मतांना त्यावर वाव मिळावा, हा त्या निर्णयाचा आशय होता. पण रस्ता सर्वांचा असला म्हणून त्यावरून जाणारी प्रत्येक बस फुकट होत नाही. आणि कंपनी धनाढ्य आहे, हे कारण तर आपण स्वतःशीच कधी नीट तपासून पाहिले पाहिजे. मालक श्रीमंत असल्याने त्याचे घेणे क्षम्य होते असे ठरले, तर आपल्यापेक्षा गरीब असलेला प्रत्येक जण आपल्या दाराशी तोच न्याय घेऊन येईल.

गरजेचा प्रश्न मात्र वेगळा आहे. जीवनमरणाच्या प्रसंगी दुसऱ्याच्या मालमत्तेतून प्राण वाचवण्यापुरते घेणे ही चोरी होत नाही, असे संत थॉमस अक्वायनस यांनी १३ व्या शतकातच सांगून ठेवले आहे. भुकेल्याच्या भाकरीला हे लागू पडते. क्रिकेटच्या सामन्याला किंवा मालिकेच्या पुढच्या भागाला ते लावणे म्हणजे भुकेल्याचा अपमान करणे होय.

याचा अर्थ आकाशातून येणारे सारेच संशयास्पद आहे, असा मुळीच नाही. जे कुलपाविना पाठवले गेले, ते निःशंकपणे घ्यावे. फ्री डिशच्या वाहिन्या तर त्यासाठीच आहेत. परदेशी उपग्रहाच्या खुल्या वाहिनीकडे कोणी हौसेने तबकडी वळवली, तर त्यातही दोष नाही. ज्याने दार उघडे ठेवले त्याच्याकडे पाहण्यात चोरी कसली? शेजाऱ्याकडे जाऊन कार्यक्रम पाहण्यातही काही गैर नाही. १९८० च्या दशकात आळीतल्या एका घरी टीव्ही असे आणि रविवारचा चित्रपट पाहायला अंगणापर्यंत माणसे दाटीने बसत. तो पाहुणचार होता. मात्र तीच गोष्ट तार टाकून चार बिऱ्हाडांत नेली, किंवा एका कार्डाची किल्ली इंटरनेटवरून पन्नास पेट्यांना पुरवली, की तिचे रूप पालटते. पाहुणचारात माणूस माणसाच्या घरी येतो. इथे कोणीच कोणाच्या घरी येत नाही, फक्त अट टाळली जाते.

खरा धोका कुठे आहे? तो कंपनीच्या ताळेबंदात नाही, आपल्या घरात आहे. ज्या खोलीत सायंकाळी रोझरी होते, त्याच खोलीत ती पेटी असते. वडील कोणाला तरी फोन करून ‘त्या वाहिन्या चालू करून दे’ म्हणतात, दोन नोटा हातावर ठेवतात आणि मुले पाहत असतात. चोरी म्हणजे काय, हे ती त्या क्षणी शिकतात. सापडण्याची भीती नसेल, समोर चेहरा दिसत नसेल आणि सगळेच करत असतील, तर ते चालते, असा धडा त्यांच्या मनावर उमटतो. उद्या हीच मुले कचेरीत बसतील, लोकांच्या पैशांचे हिशेब लिहितील. तिथेही समोर चेहरा नसेल आणि सगळेच करत असतील.

आपल्याच गावातल्या त्या तरुण तंत्रज्ञाचाही विचार व्हावा. तबकडी अचूक बसवणे हे कौशल्य आहे. ती किंचितही हलली तर चित्र जाते. या कौशल्यावर तो प्रामाणिकपणे पोट भरू शकतो. त्याला वाकड्या कामाची गळ घालणारे आणि चार पैसे जास्त देणारे आपणच असतो. मोह त्याच्या हातात ठेवून नंतर त्याच्याच नावाने बोटे मोडणे बरे नव्हे.

मग सामान्य कुटुंबाने काय करावे? खुले आहे ते आनंदाने घ्यावे. कुलूपबंद आहे ते परवडत असेल तर मोल देऊन घ्यावे, परवडत नसेल तर त्यावाचून राहावे. त्यावाचून राहिल्याने कोणाचे काही अडलेले नाही. दर अन्यायकारक वाटत असेल तर तसे उघडपणे म्हणावे, ग्राहक म्हणून तक्रार करावी, शेजाऱ्यांनी मिळून वर्गणी बंद करावी. या साऱ्या गोष्टी दिवसाउजेडी, स्वतःच्या नावाने करता येतात. युक्तीने उघडलेले कुलूप मात्र अंधारातच ठेवावे लागते. शंका पडेल तेव्हा प्रत्येकाने स्वतःला एवढेच विचारावे: समोरच्या घरातला, दर महिन्याला काटकसर करून पैसे भरणारा शेजारी आज माझ्याकडे आला आणि ‘हे तुमच्याकडे कसे दिसते?’ म्हणून त्याने विचारले, तर त्याला मुलांच्या देखत खरे उत्तर देता येईल का? येत असेल, तर पेटी खुशाल चालू ठेवावी.