एका सौद्याच्या दोन वह्या

2021 च्या ऑगस्टमध्ये सोयाबीनने क्विंटलला दहा हजारांचा टप्पा ओलांडला, तेव्हा अमरावती जिल्ह्यातल्या नांदगाव खंडेश्वर तालुक्यात बहुतेक घरांत विकायला सोयाबीनच उरलं नव्हतं. जुना माल केव्हाच व्यापाऱ्याकडे गेलेला, नवा शेतात शेंगा धरत होता. त्याच महिन्यात केंद्र सरकारने बारा लाख टन सोयापेंडीच्या आयातीला परवानगी दिली. पुढे मळणी होऊन पोती बाजार समितीच्या यार्डात आली, व्यापाऱ्याने ढिगात कोपरापर्यंत हात घालून ‘मॉइश्चर हाय’ म्हणत मूठभर दाणे परत ढिगावर टाकले, तोवर भाव जवळजवळ निम्म्यावर आला होता. मग 20 डिसेंबर 2021 रोजी सेबीने सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे थांबवले. थांबवले होते एका वर्षासाठी. मुदतवाढ घेत घेत ही स्थगिती 2026 पर्यंत येऊन पोचली.

वायद्यामुळे भाव भडकतात, असा सरकारचा समज. वायदे बंद असताना पुढे 2024 आणि 2025 मध्ये सोयाबीनचा भाव हमीभावाच्या खालीच रेंगाळला, याचा दोष मात्र कोणी वायद्याला देऊ शकलं नाही. गंमत अशी की वायदे असतानाही नांदगावचा शेतकरी त्यात फारसा उतरत नव्हता. तो एवढंच करायचा : पेरणीच्या वेळी मोबाईलवर ऑक्टोबरचा भाव बघायचा आणि तूर किती पेरायची, पराटी किती लावायची याचा अंदाज बांधायचा. तेवढाही आधार गेला.

या गोष्टीत एक पात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. ते म्हणजे बँक. मे-जूनमध्ये पीककर्ज वाटलं जातं, आणि मुदतीत फेडलं तर व्याजात सवलत मिळते. या सवलत योजनेला नाव आहे डॉ. पंजाबराव देशमुखांचं. देशाचे हे कृषिमंत्री 1898 साली याच तालुक्यातल्या पापळला जन्मले. कर्ज फिटणार की नाही, हे दोन गोष्टींवर ठरतं : पाऊस आणि भाव. पावसासाठी पीकविमा आहे, कसाही असो. भावासाठी तसा विमा नाही. बँकेने स्वतः सोयाबीनचा वायदा करून आपली कर्जं सुरक्षित करायची म्हटली, तरी 1949 च्या बँकिंग नियमन कायद्याचं आठवं कलम आडवं येतं. बँकेने मालाची खरेदीविक्री करायची नाही, असं ते कलम सांगतं. म्हणजे ज्या शाखेची वसुली ऑक्टोबरच्या भावावर टांगलेली आहे, तिला त्या भावापासून बचावाचं कुठलंच साधन नाही.

मुंबईतल्या मोठ्या बँकांच्या ट्रेझरी विभागात याच्या नेमकं उलट चित्र दिसतं. तिथे डॉलर, येन, व्याजदर अशा प्रत्येक चढउतारासाठी सौदे तयार असतात : फॉरवर्ड, स्वॅप, ऑप्शन. यांना मिळून डेरिव्हेटिव्ह म्हणतात. मूळ मालाची किंमत हलली की याचीही किंमत हलते, आणि हातात मात्र कागदाखेरीज काही नसतं. बँकेच्या वार्षिक अहवालात ताळेबंदामागे अनुसूची 12 असते, संभाव्य दायित्वांची. चालू असलेल्या परकीय चलनाच्या फॉरवर्ड सौद्यांपोटीचं दायित्व तिथे एका ओळीत छापलेलं असतं. मोठ्या बँकांत तो आकडा लाखो कोटींत जातो, आणि भागधारकांच्या सभेत सहसा कोणी त्याबद्दल विचारत नाही. न विचारण्यातही काही चूक नाही. तो आकडा म्हणजे तोटा नव्हे, सौद्याची दर्शनी रक्कम. बँकेला नफा झाला की तोटा, हे दुसरीकडे ठरतं, आणि कसं ठरतं यातच सगळी मेख आहे.

समजा, एखाद्या बँकेने परदेशातून दहा कोटी डॉलर पाच वर्षांसाठी घेतले. डॉलर पंचाहत्तर रुपयांना असताना ते रुपयांत बदलून इथे कर्जं दिली. परतफेडीच्या वेळी डॉलर पंच्याऐंशीवर गेला तर सगळी कमाई धुऊन निघेल. म्हणून बँक स्वॅप करते : ठरलेल्या दराने डॉलर परत मिळण्याची हमी, त्याबदल्यात दरवर्षी काही खर्च. इथवर हा व्यवहार विम्याइतकाच सरळ आहे. आता हिशेब. रिझर्व्ह बँकेने 1999 साली व्याजदराच्या स्वॅपना परवानगी दिली, तेव्हाच दोन वेगळे नियम घालून दिले. बचावासाठी केलेला स्वॅप असेल तर त्याचा खर्च-उत्पन्न मुदतीवर थोडं थोडं वाटून लिहायचं. धंद्यासाठी केलेला असेल तर तो बाजारभावाने मोजायचा, आणि नफा-तोटा लगेच दाखवायचा. दोन्ही नियम आपापल्या जागी योग्यच आहेत. घोळ होतो तो एकाच व्यवहाराचं एक टोक एका नियमात आणि दुसरं टोक दुसऱ्या नियमात गेल्यावर.

इंडसइंड बँकेत हेच झालं. मनमोहन सिंग अर्थमंत्री असताना 1994 साली सुरू झालेली ही नव्या पिढीची खासगी बँक, नोंदणीकृत कार्यालय पुण्यात, कारभार मुंबईतून. परकी चलनातली उसनवारी सांभाळणारा विभाग थेट बाजारात जात नसे. तो आपल्याच बँकेच्या ट्रेडिंग डेस्कशी स्वॅप करायचा, आणि ट्रेडिंग डेस्क मग बाहेरच्या बँकेशी उलटा सौदा करून मोकळा व्हायचा. बाहेरचा सौदा बाजारभावाने मोजला जाई. घरातला सौदा मात्र खर्च वाटून लिहिण्याच्या पद्धतीने. कर्ज पूर्ण मुदत चाललं तर शेवटी दोन्ही वह्यांचा मेळ बसतो. पण कर्ज मुदतीआधी फेडलं की घरातला स्वॅपही मध्येच मोडावा लागतो, आणि मोडताना एका विभागाला फायदा दिसतो, दुसऱ्याला तेवढाच तोटा. फायदा नफा-तोटा पत्रकात गेला. तोटा गेला नाही. बापाने लेकाला घरचाच कडबा चढ्या भावाने विकावा, बापाच्या डायरीत नफा लिहावा आणि लेकाने डायरीच ठेवू नये, असा हा प्रकार. ग्रँट थॉर्नटन या लेखासंस्थेच्या तपासणी अहवालाने याला काल्पनिक नफा म्हटलं, आणि 31 मार्च 2025 पर्यंतचा त्याचा एकूण फटका 1,959.98 कोटी रुपये ठरवला.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी लागते. डॉलरने दगा दिला नाही, येनने दिला नाही, बाहेरच्या कुठल्या बँकेने पैसे बुडवले नाहीत. जोखीम टाळण्यासाठी केलेले सौदे जोखीम टाळण्याचं काम बऱ्यापैकी करत होते. हानी झाली ती लिहिण्यात. वर्षानुवर्षं लेखापरीक्षण होत होतं, तिमाही निकाल जाहीर होत होते, आणि नफ्याच्या आकड्यात एक भाग असा होता जो कुणाच्याच खिशातून आलेला नव्हता.

बँका आणि पुढल्या तारखेचे सौदे यांचं हे नातं मुंबईला नवं नाही, आणि त्याची सुरुवात वऱ्हाडच्या कापसातून झाली. 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथल्या कापसाची वाट अडली, आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानकडे तोंड वळवलं. अमरावतीचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात ‘ऊमरा’ नावाने विकला जाई. कापसाच्या पैशाने मुंबईत कंपन्यांचं पीक आलं. समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या बॅकबे रेक्लमेशन कंपनीचा पाच हजार भरलेला शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. यातले पुष्कळ सौदे रोखीचे नव्हतेच. ते 1 जुलै 1865 या तारखेचे वायदे होते. बँक ऑफ बॉम्बेच्या सनदेत 1863 साली बदल झाला आणि शेअर तारण ठेवून कर्ज देण्याची मोकळीक मिळाली. शेअर दलाल प्रेमचंद रायचंद यांचा शब्द त्या बँकेत आदेशासारखा चाले. एप्रिल 1865 मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपत आलं, ती बातमी मुंबईत पोचली, कापूस कोसळला, आणि 1 जुलैला सौदे पुरे करायला कोणाकडे पैसे नव्हते. सरकारला वायद्यांच्या देण्याघेण्यांसाठी खास कायदा करावा लागला. बँक ऑफ बॉम्बे 1868 साली गुंडाळली गेली. सर चार्ल्स जॅक्सन यांच्या चौकशी आयोगासमोर तिच्या कर्जांचा कारभार उघडा पडला. तिच्या जागी उभ्या राहिलेल्या नव्या बँकेतून पुढे इंपीरियल बँक आणि तिच्यातून स्टेट बँक आली.

बँक ऑफ बॉम्बेचं दुखणंही कागदी किमतीचंच होतं. तारण म्हणून ठेवलेल्या शेअरचा भाव वायद्याने फुगवलेला, आणि त्या फुगलेल्या भावावर कर्ज वहीत सुरक्षित दिसत होतं. एक फरक आहे : तेव्हा बाजारच खोटा बोलत होता आणि बँकेने त्याच्यावर विश्वास ठेवला. इंडसइंडमध्ये बाजार खरं बोलत होता.

सरकारांनी यावर शोधलेला उपाय बहुतेक वेळा एकच, बंदी. कापसातले तेजी-मंदीचे ऑप्शन मुंबई प्रांताने 1939 च्या कायद्याने बंद केले. लोकांनी मग न्यूयॉर्कच्या कापूसभावाचा शेवटचा आकडा काय येईल यावर पैसे लावले. 1961 मध्ये न्यूयॉर्कहून येणारे ते भाव बंद झाले, तरी आकडा लावणाऱ्यांनी मडक्यातून चिठ्ठ्या काढायला सुरुवात केली. मटका असा कापसातून जन्मला. महाराष्ट्राने तर 1972 पासून कापसाची एकाधिकार खरेदीच करून पाहिली. या सगळ्यात सौदा लपला, संपला नाही.

बंदीऐवजी हिशेबाच्या अंगाने पकडलं तर काय होतं, याचं उदाहरण 2008 चं आहे. तेव्हा निर्यातदार कंपन्यांनी बँकांकडून असे गुंतागुंतीचे ऑप्शन घेतले होते, की रुपया वधारत राहिला तर फायदा आणि उलटला तर तोट्याला तळ नाही. रुपया उलटला. वोखार्टसारख्या औषध कंपनीला डेरिव्हेटिव्हच्या तोट्यांच्या भाराने कर्जफेरचना मागावी लागली. कोइंबतूरच्या राजश्री शुगर्सने ॲक्सिस बँकेविरुद्ध मद्रास उच्च न्यायालयात सांगितलं की हा करार म्हणजे पैज आहे आणि करार कायद्याच्या तिसाव्या कलमाने पैज रद्दबातल असते. न्यायालयाने ते मानलं नाही. रिझर्व्ह बँकेने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एक कोरडा नियम काढला : सौद्यापोटी ग्राहकाकडून यायचे पैसे नव्वद दिवस थकले, तर ते बुडीतच्या वाटेवरचं कर्ज समजायचं. एवढ्याने बँकांना आपला कागदी नफा कागदावर मिरवता येईना. 2011 मध्ये एकोणीस बँकांना दंडही झाला, पाच ते पंधरा लाखांचा. मोठ्या बँकेच्या नफ्यापुढे ही रक्कम चहापाण्याची. खरा दम त्या नव्वद दिवसांच्या नियमात होता.

इंडसइंडचं प्रकरणही असंच एका नियमातून बाहेर आलं. 12 सप्टेंबर 2023 ला रिझर्व्ह बँकेने गुंतवणुकीच्या वर्गीकरणाचे आणि मूल्यांकनाचे नवे निर्देश काढले, 1 एप्रिल 2024 पासून लागू. त्यानुसार घरातल्या घरात केलेले असे सौदे बंद करणं भाग पडलं. बंद करायचे म्हणजे आधी मोजायचे, आणि मोजताना न जुळणारं टोक हाती आलं. 10 मार्च 2025 च्या संध्याकाळी बँकेने शेअर बाजाराला कळवलं की नक्त मालमत्तेच्या सुमारे 2.35 टक्के फटका बसेल. दुसऱ्या दिवशी शेअर सत्तावीस टक्क्यांनी आपटला. 15 मार्चला रिझर्व्ह बँकेने स्वतः निवेदन काढून ठेवीदारांना सांगितलं की बँकेचं भांडवल पुरेसं आहे, प्रमाण 16.46 टक्के. ठेवीदारांची झुंबड उडाली नाही. एप्रिलअखेर उपमुख्य कार्यकारी अधिकारी अरुण खुराणा आणि मुख्य कार्यकारी अधिकारी सुमंत कठपालिया यांनी एका दिवसाच्या अंतराने राजीनामे दिले. जानेवारी ते मार्च तिमाहीत बँकेने 2,329 कोटींचा तोटा दाखवला.

शोधता शोधता आणखीही निघालं. गावोगावच्या महिला गटांना कर्ज देणारी भारत फायनान्शिअल ही संस्था बँकेने 2019 साली आपल्यात विलीन करून घेतली होती. त्या सूक्ष्मकर्जांच्या धंद्यात 674 कोटी रुपये चुकीच्या पद्धतीने व्याजाचं उत्पन्न म्हणून तीन तिमाह्या दाखवले गेले होते. ‘इतर मालमत्ता’ या सदरात आधार न सापडणारे 595 कोटी होते. वार्षिक अहवालात या सदराला अनुसूची 11 म्हणतात. कुठेच न बसणाऱ्या रकमा तिथे ठेवण्याची सोय असल्याने चाणाक्ष लेखापरीक्षक तिच्यापासूनच वाचायला सुरुवात करतात.

नियम लागू होणं आणि ठेवीदाराला कळणं यांत जवळपास वर्ष गेलं. त्या मधल्या काळात कोणाला काय माहीत होतं, यावर सेबीने 28 मे 2025 ला अंतरिम आदेश दिला. त्यात कठपालिया आणि खुराणा यांच्यासह पाच अधिकाऱ्यांनी ही विसंगती बाहेर जाहीर होण्याआधी ठाऊक असताना शेअर विकल्याचा आरोप आहे, आणि त्यातून टाळलेल्या तोट्याइतके 19.78 कोटी रुपये जप्त करायला सांगितलं आहे. आदेश अंतरिम आहे, अंतिम निष्कर्ष नव्हे.